मेमरी कार्ड आणि हँडहेल्ड घेताना बॅटरीचं गणित कसं मांडायचं?

दोन वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजच्या एकांकिकेची रंगीत तालीम मी मोबाईलवर शूट केली. फोनमध्ये रस्त्यावरच्या एका स्टॉलवरून स्वस्तात घेतलेलं १२८ जीबीचं नवंकोरं कार्ड होतं. शूटिंग चालू असताना फोन इस्त्रीसारखा तापला आणि तालीम संपेपर्यंत बॅटरी लाल झाली. घरी येऊन बघतो तर दुसऱ्या भागाच्या फाइल्स उघडेचनात. स्पर्धा तीन दिवसांवर आणि दिग्दर्शकाला चुका दाखवायला निम्मं नाटकच नाही!

तेव्हापासून कार्ड असो की हँडहेल्ड गेमिंग पीसी, मी आधी बॅटरीच्या बाजूने विचार करतो. तो कसा करायचा, ते आज बघू.

मेमरी कार्ड बॅटरी खातं का?

थेट फारसं नाही. मायक्रो एसडी कार्ड काम करत असतानाही साधारण एक वॅट किंवा त्याहून कमी वीज घेतं. नुसतं पडून असेल तर नगण्य. फोनचा स्क्रीन आणि प्रोसेसर याच्या कितीतरी पट खातात.

खरी गोम वेगळीच आहे. कार्ड संथ किंवा खराब असेल तर फोनला त्याची वाट बघत जागं राहावं लागतं. तीच फाइल पुन्हा पुन्हा लिहायचा प्रयत्न होतो, गॅलरी सगळं कार्ड परत परत तपासत बसते आणि प्रोसेसरला झोप मिळत नाही. म्हणजे बॅटरी कार्ड पीत नाही, कार्डामुळे जागा राहिलेला फोन पितो. म्हणून कमी वीज खाणारं कार्ड शोधत बसू नका, काम पटकन उरकणारं अस्सल कार्ड शोधा.

कार्डावरच्या खुणा कशा वाचायच्या?

पाकिटावर मोठ्या अक्षरात छापलेला वेग हा बहुतेक वेळा वाचण्याचा कमाल वेग असतो. आपल्या कामाच्या खुणा छोट्या असतात:

- क्लास १०, यू१, व्ही१०: सलग लिहिण्याचा किमान वेग सेकंदाला १० एमबी.
- यू३, व्ही३०: किमान ३० एमबी. फोनचा फोर-के व्हिडिओ सेकंदाला साधारण ६ एमबी जागा घेतो, त्यामुळे व्ही३० मध्ये भरपूर मोकळीक मिळते.
- ए१: सेकंदाला किमान १५०० वेळा वाचणं आणि ५०० वेळा लिहिणं. ॲप आणि गेम छोट्या छोट्या तुकड्यांत वाचतात, त्यामुळे त्यांच्यासाठी ही खूण महत्त्वाची.
- ए२: ४००० वाचणं, २००० लिहिणं. पण हा आकडा गाठायला उपकरणाचीही साथ लागते. ती नसेल तर जास्तीचे पैसे वाया.

आणखी एक. यूएचएस-१ या मानकाचा कमाल वेग सेकंदाला १०४ एमबी आहे. त्या खाचेत २०० एमबीवालं कार्ड घातलं तरी त्याला १०४ च्या आतच चालावं लागतं. २०० चा वेग त्या कंपनीच्या खास रीडरमध्येच दिसतो.

फोनमध्ये कार्डाला अंतर्गत स्टोरेज बनवायची सोय असेल तर जरा जपून. अँड्रॉइड ६ पासून ही सोय आली. तसं केल्यावर ॲप कार्डावर जातात, कार्ड एन्क्रिप्ट होतं आणि दुसऱ्या फोनमध्ये किंवा लॅपटॉपवर वाचता येत नाही. संथ कार्डावर हे केलं की फोन रखडतो. माझा नियम सरळ आहे: फोटो, व्हिडिओ, गाणी कार्डावर आणि ॲप फोनमध्ये.

कार्ड नकली आहे हे कसं ओळखायचं?

माझं कार्ड स्वतःला १२८ जीबी म्हणवत होतं, पण आत जागा त्याहून बरीच कमी होती. खरी जागा भरली की असं कार्ड पुढचा डेटा घेतल्याचं नाटक करतं. नाव तर दिसतं, फाइल मात्र उघडत नाही.

यावर उपाय फुकटात आहे. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स किंवा मॅकवर एफ३ हे प्रोग्रॅम अख्खं कार्ड डेटाने भरतात आणि परत वाचून ताडून बघतात. वेळ लागतो, रात्री लावून झोपा. चाचणी रिकाम्या कार्डावरच करा आणि परत करायची मुदत संपायच्या आत करा. १२८ जीबीचं कार्ड कॉम्प्युटरवर ११९ च्या आसपास दिसलं तर घाबरू नका, तो फक्त मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे.

हँडहेल्ड घेताना: एमएएच सोडा, वॅट-तास बघा

फोनची बॅटरी आपण एमएएचमध्ये मोजतो. वेगवेगळ्या उपकरणांची तुलना करायला मात्र वॅट-तास लागतात. एमएएचला व्होल्टने गुणायचं आणि १००० ने भागायचं. ५००० एमएएचचा फोन म्हणजे सुमारे १९ वॅट-तास. आता हे बघा:

- स्टीम डेक एलसीडी (२०२२): ४० वॅट-तास
- स्टीम डेक ओएलईडी (२०२३): ५० वॅट-तास
- आरओजी ॲलाय (२०२३): ४० वॅट-तास
- लीजन गो (२०२३): ४९.२ वॅट-तास
- आरओजी ॲलाय एक्स (२०२४): ८० वॅट-तास

यापुढचं गणित शाळेतलं आहे. वॅट-तासांना खर्च होणाऱ्या वॅटने भागा, तास मिळतात. स्टीम डेकची चिप ४ ते १५ वॅटमध्ये चालते. जड गेममध्ये स्क्रीन, वायफाय, पंखा धरून एकूण २० वॅट गेले तर ४० वॅट-तासांत दोन तास. चिपवर मर्यादा घालून एकूण खर्च १० वर आणला की चार तास. म्हणूनच कंपनी स्वतः एलसीडी मॉडेलसाठी २ ते ८ तास आणि ओएलईडीसाठी ३ ते १२ तास असा लांबलचक पट्टा सांगते. तुमचा आकडा तुमच्या गेमवर ठरतो.

मग यात कार्डाचा वाटा किती? इथेही तेच. गेम आतल्या एसएसडीवर ठेवला काय नि कार्डावर ठेवला काय, बॅटरीत फारसा फरक पडत नाही. त्यामुळे महाग मोठ्या एसएसडीऐवजी छोटं मॉडेल आणि एक चांगलं ए१ किंवा ए२ कार्ड, हा खिशाला परवडणारा मार्ग आहे. फक्त खाच कोणती ते आधी तपासा. निन्टेंडो स्विच २ ला मायक्रो एसडी एक्स्प्रेस कार्डच लागतं, जुनं कार्ड गेम साठवायला चालत नाही.

बॅटरी वाढवायची असेल तर हे करून बघा:

१. फ्रेमरेट ६० वरून ४० किंवा ३० वर आणा.
२. चिपची वॅट-मर्यादा कमी करा.
३. ब्राइटनेस उतरवा.
४. पॉवर बँक घेताना वॅट बघा. स्टीम डेकचा चार्जर ४५ वॅटचा आहे. १८ वॅटची पॉवर बँक लावून जड गेम खेळलात तर बॅटरी उतरतच राहील, फक्त जरा सावकाश.

खरेदीआधी एवढं तपासा

- फोनला कार्डाची खाच आहे का? हायब्रिड खाच असेल तर दुसरं सिम की कार्ड, यातलं एकच मिळेल.
- कार्डावर व्ही३० आणि ए१ दोन्ही खुणा आहेत का?
- बिल आणि परत करायची मुदत आहे का?
- हँडहेल्डचे वॅट-तास किती, आणि तुमचा गेम साधारण किती वॅट घेतो?

त्या तालमीचा दुसरा भाग आम्ही शेवटी आठवून आठवून सुधारला. आता नवं कार्ड आणलं की पहिल्या रात्री त्याची चाचणी, मगच फोनमध्ये. तुम्हीही ही सवय लावून घ्या. कार्ड पुन्हा विकत घेता येतं, शूट केलेला क्षण परत येत नाही.