आधी दास, मग प्रेषित : इस्लाममधील मुक्तीचा विचार

महाराष्ट्रात एखाद्या मुस्लिम व्यक्तीला नुसते ‘अब्दुल’ म्हणून हाक मारण्याची रीत जुनी आहे. अरबी भाषेच्या दृष्टीने मात्र हे नाव अर्धेच राहते. ‘अब्द’ म्हणजे दास आणि त्यापुढचे ‘उल’ हे पुढील शब्दाशी सांधा जुळवणारे उपपद. कोणाचा दास, हे पुढचा शब्द आल्याशिवाय कळत नाही. मिरजेत स्थायिक झालेले किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ यांच्या नावाचा अर्थ ‘उदार परमेश्वराचा दास’ असा होतो. १९८० मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झालेले अब्दुल रहमान अंतुले यांच्या नावाचा अर्थ ‘परमकृपाळू परमेश्वराचा दास’. करीम, रहमान, कादिर, रज्जाक ही सारी अल्लाहची गुणनामे आहेत. घरोघरी रुळलेल्या या नावांत इस्लामचा एक मूलभूत सिद्धांत दडलेला आहे. मनुष्य हा ईश्वराचा दास आहे, आणि प्रेषितही त्याला अपवाद नाहीत. मुक्तीसंबंधीच्या इस्लामी विचाराचे बहुतेक धागे, आणि त्यावरून झालेले बहुतेक वाद, या एका सिद्धांतापाशी येऊन मिळतात.

उपासनेसाठी वापरला जाणारा ‘इबादत’ हा शब्दही ‘अब्द’ याच धातूपासून बनलेला आहे. साहजिकच उपासना म्हणजे केवळ पूजाविधी नव्हे, तर दासाने धन्यासमोर आपले दासपण मान्य करणे होय. मराठी वाचकाला येथे नवविधा भक्तीची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्या परंपरेत दास्याला सातवे स्थान असून त्यानंतर सख्य आणि आत्मनिवेदन येतात. इस्लामच्या रूढ शिकवणीत दास्याच्या पलीकडे पायरी नाही. इब्राहीम यांना ‘खलीलुल्लाह’, म्हणजे ईश्वराचे मित्र, असे गौरवाने म्हटले जाते. पण ते मैत्रही दासाचेच आहे. सूफी पंथातील काही साधकांनी ईश्वराशी एकरूप होण्याची भाषा केली, तेव्हा तिचा अर्थ कसा लावायचा हा प्रश्न शतकानुशतके गाजला. बगदादमध्ये ९२२ साली मन्सूर अल् हल्लाज यांना देहदंड झाला, त्यामागे राजकीय कारणे होतीच. परंतु स्वतःला ‘सत्य’ म्हणवून घेतल्याचा ठपका त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला. सरहिंदचे शेख अहमद (१५६४-१६२४) यांनी या वादात स्पष्ट भूमिका घेतली. एकरूपतेचा अनुभव हा वाटेवरचा मुक्काम असून साधकाला अखेर ‘अब्दियत’, म्हणजे दास्यभावच, गाठायचा असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या शब्दाला एक व्यावहारिक, आणि वेदनादायक, बाजूही आहे. सातव्या शतकातील अरबस्तानात बाजारात विकल्या जाणाऱ्या गुलामालाही ‘अब्द’च म्हणत. माणूस ईश्वराचा दास असेल, तर तो दुसऱ्या माणसाचा दास कसा असू शकतो? हदीस वाङ्मयात याची जाणीव दिसते. धन्याने आपल्या गुलामाला ‘माझा अब्द’ म्हणू नये, ‘माझा मुलगा’ अशा अर्थाच्या शब्दाने हाक मारावी, असा उपदेश तेथे आढळतो. शपथभंग, अनवधानाने झालेली मनुष्यहत्या अशा अपराधांच्या प्रायश्चित्तात कुराणाने गुलामाच्या मुक्ततेचा समावेश केला. नमाजसाठी पहिली हाक देण्याचा मान ज्यांना मिळाला ते बिलाल हे हबशी गुलामगिरीतून सुटलेले होते. एवढे असूनही ही प्रथा धर्मशास्त्राने बंद केली नाही आणि मुस्लिम राजवटींत ती दीर्घकाळ टिकली. सौदी अरेबियात गुलामगिरीवर कायद्याने बंदी आली ती १९६२ मध्ये.

विसर आणि स्मरण

कुराणातील वर्णनानुसार, मानवजात पृथ्वीवर येण्यापूर्वीच सर्व आत्म्यांनी ईश्वराचे स्वामित्व मान्य केले होते. या कराराला ‘मीसाक’ म्हणतात. त्यामुळे इस्लामच्या दृष्टीने मनुष्य जन्मतः पापी नसतो. आदम आणि त्यांची पत्नी हव्वा या दोघांच्या हातून चूक झाली, दोघांनी क्षमा मागितली आणि ती मिळाली. तिचे ओझे पुढील पिढ्यांवर आले नाही. ख्रिस्ती धर्मातील मूळ पापाची आणि म्हणून तारणहाराच्या बलिदानाची कल्पना इस्लाममध्ये का नाही, याचे उत्तर येथे सापडते. फेडायचे वारसाहक्काचे ऋणच नसेल, तर ते फेडणारा कशाला हवा?

माणसाचा खरा दोष म्हणजे विसर. तो दिलेला शब्द विसरतो, आपण दास आहोत हे विसरतो. प्रेषितांचे कार्य ही आठवण करून देण्याचे आहे, आणि म्हणूनच कुराणाने स्वतःला ‘जिक्र’, म्हणजे स्मरण, असेही म्हटले आहे.

प्रेषितांसाठी ‘नबी’ आणि ‘रसूल’ असे दोन शब्द आहेत. ईश्वरी संदेश मिळतो तो नबी. नवा धर्मनियम वा ग्रंथ घेऊन एखाद्या समाजाकडे पाठवला जातो तो रसूल, असा भेद सामान्यतः केला जातो. परंपरागत गणनेनुसार कुराणात २५ प्रेषितांची नावे येतात. एकूण प्रेषितांची संख्या १ लाख २४ हजार असल्याचे लोकमानसात रूढ आहे. ज्या कथनावर ती आधारलेली आहे त्याच्या प्रामाण्याविषयी मात्र विद्वानांत एकमत नाही. नूह, इब्राहीम, मूसा, ईसा आणि मुहम्मद या पाचांना विशेष श्रेष्ठ मानले जाते. यांपैकी एकालाही नाकारणारा मुस्लिम ठरत नाही, ही बाब अनेकदा दुर्लक्षित राहते.

इ. स. ६१० च्या सुमारास मक्केत मुहम्मद पैगंबरांना पहिला संदेश प्राप्त झाला, ६२२ मध्ये त्यांनी मदिनेस स्थलांतर केले आणि ६३२ मध्ये त्यांचे निधन झाले. नमाजमध्ये बसून जी साक्ष उच्चारली जाते, तीत त्यांचा उल्लेख आधी ‘दास’ आणि मग ‘प्रेषित’ असा होतो. हा क्रम सहज आलेला नाही. रात्रीच्या अलौकिक प्रवासाचा, म्हणजे त्यांच्या सर्वोच्च सन्मानाचा, प्रसंग सांगतानाही कुराण त्यांना प्रेषित न म्हणता ‘अब्द’च म्हणते. त्यांच्या निधनाची वार्ता पसरली तेव्हा उमर यांच्यासारख्या खंबीर सहकाऱ्यालाही ती खरी वाटेना. अबू बक्र यांनी लोकांना समजावले की, मुहम्मद यांची पूजा करणाऱ्यांनी ते मरण पावल्याचे जाणावे आणि ईश्वराची पूजा करणाऱ्यांनी तो अमर असल्याचे. प्रेषिताला देवत्व मिळण्याची वाट त्या दिवशी बंद झाली.

ईसा, म्हणजे येशू, यांच्याबाबतही हाच न्याय आहे. कुमारी मरियमच्या पोटी त्यांचा जन्म झाल्याचे कुराण मानते. पण पाळण्यात बोललेल्या त्यांच्या पहिल्याच वाक्यात ते स्वतःला ईश्वराचा दास म्हणवतात. त्यांना क्रुसावर मृत्यू आल्याचे कुराण नाकारते. मुहम्मद हे अखेरचे प्रेषित, यावर तर तडजोड नाही. पंजाबमधील कादियानचे मिर्झा गुलाम अहमद (१८३५-१९०८) यांच्या दाव्यांवरून उठलेला वाद इतका विकोपाला गेला की, पाकिस्तानने १९७४ मध्ये घटनादुरुस्ती करून त्यांच्या अनुयायांना बिगर-मुस्लिम ठरवले.

तारतो कोण?

‘मोक्ष’ हा शब्द इस्लामच्या संदर्भात वापरताना सावध राहणे बरे. येथे जन्ममृत्यूचा फेरा नाही. एकच आयुष्य, मृत्यूनंतर ‘बर्जख’ नावाची मधली अवस्था, कयामतच्या दिवशी पुनरुत्थान आणि मग न्याय, असा हा क्रम आहे. सुटका या अर्थाचे ‘नजात’ हे नाम कुराणात एकदाच येते. अधिक वावर आहे तो ‘फलाह’चा. रोजच्या अजानमध्ये नमाजकडे बोलावल्यानंतर याच फलाहकडे या, असे आवाहन केले जाते. या धातूचा मूळ अर्थ जमीन फोडणे, नांगरणे असा असून शेतकऱ्याला अरबीत ‘फल्लाह’ म्हणतात. सुटकेपेक्षा सुफळ होण्याची, पेरलेले हाती येण्याची कल्पना या शब्दात अधिक आहे.

पण पीक येते कशाने, श्रद्धेने की कर्माने? हा प्रश्न केवळ पंडितांचा राहिला नाही. त्यावरून रक्त सांडले. ६५७ मध्ये सिफ्फीनच्या लढाईत खलिफा अली यांनी लवाद मान्य केला, तेव्हा त्यांच्याच सैन्यातील एक गट फुटून निघाला. खारिजी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गटातील कडव्यांच्या मते घोर पाप करणारा मुस्लिमच उरत नाही आणि त्याच्याविरुद्ध शस्त्र उचलणे योग्य ठरते. ६६१ मध्ये कुफा येथे अली यांची हत्या झाली ती एका खारिजीच्याच हातून. उलटपक्षी मुर्जिआ म्हणवणाऱ्यांनी पाप्याचा निवाडा ईश्वरावर सोपवावा, माणसांनी तो करू नये, असा पवित्रा घेतला. बसऱ्याचे वासिल इब्न अता (मृत्यू ७४८) यांनी पापी हा श्रद्धावान व अश्रद्ध यांच्यामधल्या अवस्थेत असतो असे मत मांडले, आणि परंपरेनुसार त्यातूनच मुअतजिला पंथाचा उगम झाला. सुन्नी विचारात अखेर स्थिरावले ते असे : पापी मुस्लिम हा मुस्लिमच राहतो, ईश्वर त्याला क्षमा करील किंवा शिक्षा देईल, परंतु तो कायमचा नरकात राहणार नाही. एखाद्याला उठसूट धर्मबाह्य ठरवणाऱ्या आजच्या सशस्त्र गटांना अनेक मुस्लिम धर्मपंडित ‘खारिजी’ म्हणतात, त्याला हा इतिहास आहे.

कर्माचे माप तराजूत होणार हे खरे. तरीही केवळ कर्माच्या बळावर कोणी स्वर्गात जाणार नाही, पैगंबर स्वतःदेखील ईश्वराच्या कृपेवाचून नाही, अशा आशयाची हदीस प्रसिद्ध आहे. दासाच्या कष्टाला मोल आहे, पण त्याचा धन्यावर हक्क चालत नाही.

मग कोणी रदबदली करू शकतो का? ‘शफाअत’, म्हणजे मध्यस्थी, ईश्वराच्या अनुमतीनेच होऊ शकते यावर बहुतेकांचे एकमत आहे. मतभेद त्यापुढचे आहेत. शिया परंपरेत इमामांच्या मध्यस्थीला मोठे स्थान आहे. दमास्कसचे इब्न तैमिया (१२६३-१३२८) आणि पुढे अरबस्तानातील मुहम्मद इब्न अब्दुल वह्हाब (१७०३-१७९२) यांनी कबरींपाशी मागणे मागण्यास कडाडून विरोध केला. भारतात हा वाद थेट नावांपर्यंत पोहोचला. दिल्लीचे शाह इस्माईल (१७७९-१८३१) यांनी ‘तकवियतुल ईमान’ या ग्रंथात अब्दुन्नबी, पीरबख्श यांसारखी नावे आक्षेपार्ह ठरवली. दास केवळ ईश्वराचा, नबीचा नव्हे, हा त्यांचा मुद्दा. याउलट बरेलीचे अहमद रजा खान (१८५६-१९२१) आपल्या नावाआधी आवर्जून ‘अब्दुल मुस्तफा’, म्हणजे पैगंबरांचा सेवक, असे लिहीत. अशा जोडणीत ‘अब्द’चा अर्थ उपासक नसून सेवक असा आहे, असे त्यांच्या बाजूचे म्हणणे. देवबंदी आणि बरेलवी मतभेदांचे सार या एका शब्दाच्या अर्थात पाहता येते.

इतरांचे काय?

मुस्लिमेतरांच्या गतीचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. प्रचलित मत कठोर आहे, परंतु ते एकमेव नाही. तूस येथील इमाम गझाली (१०५८-११११) यांनी याविषयी ‘फैसलुत्तफ्रिका’ या छोट्या ग्रंथात विचार केला. ज्यांच्या कानावर पैगंबरांचे नावच गेले नाही ते, आणि ज्यांच्यापर्यंत त्यांचे विकृत चित्र तेवढे पोहोचले ते, या दोघांनाही त्यांनी क्षम्य मानले. सत्य समजूनही हेतुपुरस्सर नाकारणाऱ्यांना मात्र ही सवलत नव्हती.

प्रत्येक समाजाकडे प्रेषित पाठवल्याचे आणि सर्वांची नावे सांगितली नसल्याचे कुराण म्हणते. मग भारताचे काय, हा प्रश्न ओघानेच आला. दिल्लीचे नक्शबंदी सूफी मिर्झा मझहर जानेजानाँ (मृत्यू १७८१) यांनी एका पत्रात, या भूमीतही ईश्वरी मार्गदर्शन आले होते आणि वेद त्याचाच भाग होत, असे मत व्यक्त केले. अर्थात, मुहम्मद पैगंबरांच्या आगमनानंतर पूर्वीचे धर्मनियम रद्द झाले, हा सिद्धांत त्यांनी सोडला नाही. मौलाना अबुल कलाम आझाद यांनी १९३० च्या दशकात ‘तर्जुमानुल कुरआन’मध्ये सर्व धर्मांच्या मुळाशी एकच ‘दीन’ असून भेद केवळ आचारनियमांचे आहेत असे प्रतिपादले, तेव्हा त्यांच्यावर टीका झाली. प्रेषितांवरील श्रद्धा त्यांनी ऐच्छिक ठरवली, असा आक्षेप होता. तसे आपल्याला म्हणायचे नव्हते, असा खुलासा आझादांना करावा लागला.