सगळ्यांच्या मालकीची गाणी

'इंडियन ओशन'च्या मैफलीत 'कंदिसा' सुरू झालं की पहिली काही मिनिटं कुणी फारसं हलत नाही. गिटारच्या तारा सावकाश छेडल्या जातात आणि त्यांवर प्रार्थनेचा एक संथ स्वर उभा राहतो. दुसरा आवाज येऊन मिळतो, बास आणि ड्रम्स चढत जातात आणि बघता बघता समोरचा सगळा जमाव गाऊ लागतो. शब्द असतात सिरियाक भाषेतले. येशूच्या अरामाईक बोलीच्या कुळातली ही भाषा. केरळातल्या सिरियन ख्रिस्ती लोकांनी ती आपल्या उपासनेत शतकानुशतकं जपली. गाणाऱ्यांपैकी बहुतेकांना एकाही ओळीचा अर्थ लागत नाही. 'कंदिसा' म्हणजे 'पवित्र' एवढं काहींना ठाऊक असतं. तरीही कीर्तनात धृपद आलं की टाळकरी जसं ते उचलून धरतात, तसं श्रोते हे गाणं उचलतात.

तीन दशकांहून अधिक काळ एका बँडवर लोकांनी असा जीव लावावा, यामागे काही कारण असलं पाहिजे. ते या बँडच्या इतिहासातच सापडतं.

सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती हे दिल्लीचे दोन तरुण ऐंशीच्या दशकात एकत्र वाजवू लागले. 1990 मध्ये त्यांनी बँड उभा केला. 'इंडियन ओशन' हे नाव सुचवलं सुस्मितच्या वडिलांनी. 1991 मध्ये बास गिटार घेऊन राहुल राम आला आणि 1994 मध्ये ड्रम्सवर अमित किलम. त्या काळी आपल्याकडे रॉक म्हणजे बहुतांशी इंग्रजी नकला. कॉलेजच्या महोत्सवांत परदेशी बँडची गाणी हुबेहूब वाजवणाऱ्याला टाळ्या पडत. अशा वातावरणात या मंडळींनी स्वतःचंच वाजवायचं ठरवलं. पहिला अल्बम 1993 मध्ये एचएमव्हीने काढला. पुढचा 'डेझर्ट रेन' थेट मैफलीत ध्वनिमुद्रित झाला.

त्यांचं वाजवणं कुठल्या खणात टाकायचं, हे दुकानदारांनाही ठरवता येत नसे. सुस्मितची गिटार वेगळ्या पद्धतीने लावलेली असायची. तिच्यातून सतारीसारखी गुंजन करणारी तार ऐकू यायची. असीम मंचावर मांडी घालून बसायचा, तबला वाजवायचा आणि त्याच वेळी मुख्य गायनही करायचा. बोटं एका लयीत आणि गळा दुसऱ्याच वळणावर, हे साधणारे कलावंत फार थोडे. अमित ड्रम्स सोडून मधूनच गुबगुबी हातात घ्यायचा. चामड्याने मढवलेल्या पोकळ भांड्याला तार जोडायची, भांडं काखेत दाबून धरायचं, तार ताणायची आणि छेडायची, असं हे बंगालच्या बाउल गायकांचं वाद्य. आपल्याकडच्या जोगत्यांच्या चौंडक्याचं ते बंगाली भावंड. रॉकच्या मंचावर ते ऐकणाऱ्याला आपल्या गावची जत्रा आठवली तर नवल नाही.

राहुल रामची वाट तर आणखी निराळी. आयआयटी कानपूरमध्ये रसायनशास्त्र, मग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात डॉक्टरेट, आणि परतल्यावर नर्मदा बचाव आंदोलनात काम. नव्वदच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. सरदार सरोवराचं पाणी महाराष्ट्राच्या अक्कलकुवा तालुक्यातल्या मणिबेलीच्या उंबऱ्याशी येऊन ठेपलं होतं आणि गाव जागचं हलायला तयार नव्हतं. नदीकाठी लोक जे भजन गात होते, त्यातूनच बँडचं 'मा रेवा' हे गाणं आलं. नर्मदेला 'रेवा' म्हणणाऱ्या, तिची परिक्रमा करणाऱ्या मराठी माणसाला हे नाव वेगळं समजावून सांगावं लागत नाही. शहरातल्या पोरांनी मात्र ते पहिल्यांदा रॉकच्या ठेक्यावर ऐकलं, आणि त्यांतल्या कित्येकांना त्या नदीचं आणि तिच्या काठच्या माणसांचं दुःख या गाण्यातूनच कळलं.

'मा रेवा' आणि 'कंदिसा' ही दोन्ही गाणी 2000 मध्ये आलेल्या 'कंदिसा' या अल्बममध्ये आहेत. एकूण गाणी सातच. त्यांत 'हिल्ले ले' आहे, ते गोरख पांडे यांच्या भोजपुरी गीतावरचं. तीन वर्षांनी आलेल्या 'झिनी'मध्ये कबीर आला. कुमार गंधर्वांमुळे मराठी कानाला ज्याची ओळख कधीचीच आहे, तो निर्गुणी कबीर. चर्चमधली प्रार्थना, नदीकाठचं भजन, चळवळीतलं गीत आणि विणकराची चादर. ही गाणी या चौघांच्या आधीपासून लोकांची होती. बँडने त्यांना नवं शरीर दिलं आणि पुन्हा लोकांच्या हवाली केलं. श्रोत्यांची मालकीची भावना इथून सुरू होते. स्टारची पूजा करणारा चाहता वेगळा आणि गाणं स्वतःचं समजून गाणारा वेगळा. 'इंडियन ओशन'ला दुसऱ्या प्रकारचे चाहते मिळाले.

मुंबईशी त्यांचं नातं एका जखमेतून जुळलं. 12 मार्च 1993 च्या बॉम्बस्फोटांवर अनुराग कश्यपने 'ब्लॅक फ्रायडे' हा चित्रपट केला आणि संगीत या बँडकडे सोपवलं. 2005 मध्ये प्रदर्शनाच्या तोंडावर चित्रपट न्यायालयात अडकला आणि पडद्यावर यायला 2007 साल उजाडलं. गाणी मात्र थांबली नाहीत. पीयूष मिश्रांच्या शब्दांतलं 'बंदे' चित्रपटाच्या आधीच वसतिगृहांच्या खोल्यांत आणि कॉलेजच्या मंचांवर पोचलं होतं.

25 डिसेंबर 2009 रोजी असीम चक्रवर्ती हृदयविकाराने गेला. ज्या बँडचा मुख्य आवाजच जातो, तो बहुधा मोडतो. हा मात्र टिकला. पुढच्याच वर्षी जयदीप वर्मा यांचा 'लीव्हिंग होम' हा बँडवरचा माहितीपट चित्रपटगृहांत लागला. चौघांना एकत्र पाहायला लोक तिकीट काढून गेले. या माहितीपटाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. त्याच वर्षी '16/330 खजूर रोड' आला. करोल बागेतल्या ज्या जुन्या घरात बँडने वर्षानुवर्षं सराव केला, त्याचाच हा पत्ता. त्यातली सात गाणी दर महिन्याला एक याप्रमाणे इंटरनेटवर फुकट उतरवून घेण्यासाठी ठेवली गेली. असीमने जाण्याआधी गायलेली, वाजवलेली ही गाणी. त्याचा आवाज चाहत्यांच्या घरी असा महिन्या-महिन्याने, कसलंही मोल न घेता येत राहिला. शोक करायला याहून चांगली रीत क्वचितच कुणाला सापडली असेल.

2013 मध्ये सुस्मित सेनही बाहेर पडला. म्हणजे ज्या दोघांनी सुरुवात केली, ते दोघेही आता नव्हते. असीमच्या जागी गायनाला हिमांशू जोशी आणि तबल्याला तुहीन चक्रवर्ती असे दोघे आले होतेच. गिटार निखिल रावने घेतली. जुन्या श्रोत्यांना असीमचा आवाज आठवत राहिला आणि आठवावाच. पण त्यांनी मैफलीला जाणं सोडलं नाही. 'कंदिसा' सुरू झालं की तो चढता स्वर अर्धा मंचावरून येई आणि अर्धा समोरून.

2015 मध्ये 'मसान' आला आणि 'तू किसी रेल सी'ने नवी पिढी जोडली. दुष्यंत कुमारांच्या ओळीवरून वरुण ग्रोव्हरने लिहिलेलं हे गीत गायलं इंदूरच्या मराठी घरातल्या स्वानंद किरकिरेंनी आणि संगीत दिलं 'इंडियन ओशन'ने. इथेही ओळ आधी कवीची, मग सगळ्यांची. 'कंदिसा' आलं तेव्हा जन्मलेली मुलं तोवर कॉलेजच्या उंबरठ्यावर आली होती.

ज्यांनी हा बँड अजून ऐकलेला नाही, त्यांनी 'कंदिसा'पासून सुरुवात करावी. फोनवर एखादंच सुटं गाणं न लावता सातही गाणी त्यांच्या क्रमाने, सलग ऐकावीत. अर्थ शोधायची घाई नको. तिसऱ्या-चौथ्या खेपेला शब्द आपोआप तोंडी येतात.