मिस्त्रीचा बोजा: एका हक्काची कुळकथा

नागरा गावात कोणी मोटारसायकल दुरुस्तीला टाकली आणि मजुरी दिली नाही, तर मेकॅनिक गाडी अडवून ठेवू शकतो. त्याच गावात घर बांधणाऱ्या गवंड्याला भिंत अडवता येत नाही. हा भेद जुना आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७० नं कारागिराला हाती आलेली वस्तू मजुरी मिळेपर्यंत ठेवून घेण्याचा हक्क दिला. उदाहरण दिलं ते हिऱ्याला पैलू पाडणाऱ्याचं. शिंप्यानं तीन महिन्यांची उधारी कबूल केली असेल तर त्याला कोट अडवता येणार नाही, हेही तिथंच लिहिलं. हक्काचा पाया ताबा. इंग्लंडच्या रूढ कायद्यातून तो तसाच आला आणि जमिनीपाशी थांबला. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानं घर विकणाऱ्याच्या थकलेल्या किमतीचा बोजा घरावर चढवला. उभारणाऱ्याला मात्र असं काही दिलं नाही. विटा रचणाऱ्याचा हक्क विकणाऱ्यापेक्षा कमी का, याचं पटणारं कारण मला दिसत नाही.

अमेरिकेत हा हक्क जमिनीवर चढला तो गरजेपोटी. वॉशिंग्टन शहर उभारायचं होतं, बांधणाऱ्यांनी उधारीवर काम करायला हवं होतं. १७९१ मध्ये जेफरसन आणि मॅडिसन यांच्या पाठिंब्यानं मेरीलँडच्या विधिमंडळानं मजुरीचा बोजा बांधलेल्या घरावरच ठेवला.

असा बोजा आपल्याकडे आणायचा म्हटलं तर आक्षेप येईल की मालकानं कंत्राटदाराला पैसे चुकते केले, तरी मिस्त्रीसाठी पुन्हा का भरावेत? भरू नयेत. न्यूयॉर्कच्या कायद्यात बोजा मालकाकडे राहिलेल्या बाकीपुरताच असतो, आणि एका कुटुंबाच्या घरावर तो काम संपल्यापासून चार महिन्यांतच नोंदवावा लागतो. दिवाणी दाव्याची वाट आहेच, असंही म्हणतील. पण निकाल लागेपर्यंत घर विकलं जाऊ शकतं. छुप्या बोजानं खरेदीदार फसेल ही भीती मात्र खरी आहे, म्हणून नोंद उघड हवी. महाराष्ट्राला हे नवं नाही: १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४८ नुसार शेतकऱ्याच्या घोषणापत्रावर, गहाणखताशिवाय, सोसायटीच्या कर्जाचा बोजा सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कां’त चढतो. सोसायटीला मिळतं ते गवंड्यालाही मिळावं. पण गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, आणि त्याचा नमुना आठ हा कराचा उतारा, मालकीचा नव्हे. म्हणून नागऱ्यासारख्या गावासाठी ही नोंद दुय्यम निबंधकाकडे ठेवावी. असा कायदा राज्याला करता येईल: मालमत्ता हस्तांतरण घटनेच्या समवर्ती सूचीत आहे. केंद्राच्या कायद्याशी विसंगती आली, तर राष्ट्रपतींच्या संमतीनं राज्याचा कायदा टिकतो.