दिव्याचे पैसे कोणी द्यायचे?

थळच्या किनाऱ्यासमोरील खांदेरी बेटावर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी किल्ला बांधायला घेतला, तो मुंबईकर इंग्रजांना वचक बसावा म्हणून. १८६७ मध्ये त्याच बेटावर दीपगृह उभे राहिले. त्याचा प्रकाश मात्र सर्वांसाठीच होता.

व्यवस्थेचा पेच येथेच सुरू होतो. तेल, भिंगे, रखवालदार यांचा खर्च रोजचा. पण दिवा पाहिला म्हणून भर समुद्रात पैसे कोण वसूल करणार? आणि पैसे न देणाऱ्यापासून प्रकाश लपवणार कसा? यावर तोडगा निघाला तो बंदरात. जहाज बंदरात आले, की त्याच्या टनभारानुसार दीपशुल्क घ्यायचे.

भारतात ही व्यवस्था पूर्वी प्रांतोप्रांती निराळी होती. १९२७ च्या दीपगृह कायद्याने सर्व जहाजांच्या उपयोगाचे दिवे मध्यवर्ती सरकारकडे आले. बंदरापुरते दिवे स्थानिक संस्थांकडे राहिले. ५० टनांहून लहान जहाजांना शुल्क माफ झाले. २०२१ मध्ये नवा कायदा आला, तरी शुल्काचे तत्त्व टिकले.

नागरिकशास्त्राच्या तासाला कर म्हणजे काय, हे सांगताना हे उदाहरण जरूर घ्यावे. कोळ्याचा मचवा एक पैसाही देत नाही, तरी खडक कोठे आहे हे त्यालाही तोच दिवा सांगतो.