तीन तास छत्तीस मिनिटे

24 फेब्रुवारी 1944, बर्कनहेड. ‘फोर्ट स्टिकीन’ हे 7,142 टनी मालवाहू जहाज इंग्लंडहून मुंबईकडे निघाले. कॅनडात 1942 साली बांधलेले, कोळशावर चालणारे. पोटात 1,395 टन स्फोटके आणि दारूगोळा. त्यातला 238 टन माल ‘अ’ वर्गातला, म्हणजे सर्वांत संवेदनशील. सोबत खोक्यांत बांधलेली स्पिटफायर विमाने आणि 31 पेट्यांत सोन्याच्या 124 विटा.

9 एप्रिल, कराची. इथे काही माल उतरला आणि जागा मोकळी झाली. युद्धकाळात रिकामी जागा परवडत नव्हती. कापसाच्या 8,700 गाठी चढल्या. वंगणाच्या तेलाची पिंपे, लाकूड, गंधक, तांदूळ, भंगार, मासळीचे खतही चढले. कॅप्टन अलेक्झांडर नेस्मिथ यांना हा भरणा पसंत नव्हता. तरी तो झाला. दुसऱ्या क्रमांकाच्या होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या मालकोठारात, कापूस खाली आणि स्फोटके वर, अशी मांडणी ठरली.

12 एप्रिल, मुंबई. जहाज व्हिक्टोरिया गोदीत पहिल्या क्रमांकाच्या धक्क्याला लागले. शांततेच्या काळात स्फोटकांचे जहाज गोदीत घेत नसत. बाहेर समुद्रातच बार्ज लावून माल उतरवत. युद्धात हा नियम बाजूला ठेवला गेला होता. स्फोटकांची खूण म्हणून लाल बावटा लावायचा असतो. फोर्ट स्टिकीनवर तो लागला नाही.

13 एप्रिल. इतर मालाची उतराई सुरू होती. दुसऱ्या होल्डमधली ‘अ’ वर्गाची स्फोटके जागच्या जागी होती.

14 एप्रिल, शुक्रवार, दुपारी 12.30. जेवणाची सुट्टी. शेजारच्या एका जहाजावरून काहींना फोर्ट स्टिकीनमधून धूर निघताना दिसला. जहाजावरच्या लोकांना तो दिसत असणारच, असे समजून कोणी कळवले नाही.

दुपारी 2 च्या सुमारास. जेवून परतलेल्या गोदी कामगारांना दुसऱ्या होल्डमध्ये धूर दिसला. कामगार बाहेर आले. खलाशांनी पाइप लावून पाणी सोडले. आग नेमकी कुठे आहे, ते धुरामुळे दिसेना.

2.16. अग्निशमन दलाला वर्दी. आग मोठी असल्याचा निरोप फोनवरून द्यायचा होता. हाताशी आलेल्या फोनला डायल नव्हती. निरोप्याने जवळच्या आगसूचक पेटीची काच फोडली. त्या पेटीतून जाणारी वर्दी साध्या आगीची. दोन बंब निघाले.

2.30 च्या सुमारास. आत स्फोटके आहेत हे कळल्यावर आणखी आठ बंब मागवले गेले. दारूगोळा खात्याचे कॅप्टन ब्रिन्ली ओबर्स्ट जहाजावर पोहोचले. त्यांनी मालाची यादी पाहिली आणि जहाज बुडवावे, असे सांगितले.

जहाजाच्या तळाखाली पाणी थोडेच होते. ते बुडाले असते तरी लगेच गोदीच्या तळाला टेकले असते आणि वरचा भाग पाण्याबाहेर राहिला असता. दुसरा मार्ग जहाज ओढून समुद्रात नेण्याचा. इंजिन दुरुस्तीसाठी खोललेले होते. गोदीच्या दारातून जळते जहाज ओढत न्यायला वेळ लागणार होता. धक्क्यावर जहाजाचा कॅप्टन होता, दलाचे प्रमुख होते, दारूगोळ्याचे अधिकारी होते, गोदीचे अधिकारी होते. प्रत्येकाचे मत होते. सर्वांना बांधील ठरेल असा हुकूम कोणी दिला नाही. पाणी मारणे चालू राहिले.

3.00. डाव्या कुशीवरच्या पत्र्याचा रंग उकलू लागला. आग कुठे आहे ते आता बाहेरून कळत होते. तिथे भोक पाडले तर पाणी थेट आगीवर मारता आले असते. गॅस कटर आणला. तो चालला नाही.

3.15. एव्हाना 32 पाइप चालू होते. एकूण 900 टन पाणी होल्डमध्ये गेले. पाणी चढू लागले, तशा पेटलेल्या गाठी तरंगत वर सरकल्या. वर स्फोटके होती. होल्डमधले पाणी उकळत होते.

3.50. होल्डच्या तोंडातून ज्वाळा उसळल्या. जहाज सोडण्याचा हुकूम झाला. गोदी रिकामी करण्याचा हुकूम झाला नाही. शेजारच्या जहाजांवर आणि गोदामांत कामे चालू होती. काही लोक थांबून आग पाहत होते. काही जवान धक्क्यावरून पाणी मारत राहिले.

4.06. पहिला स्फोट. जहाजाचे दोन तुकडे झाले. सुमारे 4,000 टनांचे ‘जलपद्म’ हे जहाज पाण्यातून उचलले जाऊन धक्क्यावर पडले. 12 किलोमीटरवरच्या खिडक्या फुटल्या. दूरच्या सिमल्यात भूकंपमापकावर नोंद झाली. गोदीच्या मनोऱ्यावरचे घड्याळ थांबले.

4.34. दुसरा स्फोट, चौथ्या होल्डमधला. पहिल्याहून मोठा. पेटता कापूस आणि तापलेले लोखंड आसपासच्या वस्तीवर कोसळले.

आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. मृतांचे आकडे 800 पासून 1,300 पर्यंत दिले जातात. त्यांत अग्निशमन दलाचे 66 जवान होते. कॅप्टन नेस्मिथ होते. सुमारे 80,000 लोक बेघर झाले. भारतातल्या वर्तमानपत्रांवर सेन्सॉरशिप होती. सविस्तर बातमी पहिल्यांदा दिली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने, 15 एप्रिलला. ब्रिटिशांनी ती मे महिन्यात सोडली.

सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोगाने चार कारणे नोंदवली. युद्धामुळे स्फोटकांचे जहाज गोदीत घेतले गेले. कापूस स्फोटकांच्या खाली भरला गेला. कापसाला आग लागली, बहुधा सिगारेटच्या थोटकाने. आणि आग लागल्यावर हजर असलेल्यांना परिस्थितीचे गांभीर्य वेळेत उमगले नाही.

थोटूक कोणाचे, ते ठरले नाही. बाकीच्या तिन्ही कारणांवर तारीख आहे.