सायकल, साइडकार आणि दोन चोर



आमच्या नेकारसुल्मला जुन्या गढीत दुचाकींचं म्युझियम आहे. इथल्या एनएसयू कंपनीने १८८६ मध्ये सायकली बनवायला सुरुवात केली आणि १९०१ मध्ये मोटरसायकली. तिथली जुनी सायकल बघितली की मला हटकून 'बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड' (१९६९) आठवतो. त्यात मार्शल दरोडेखोरांच्या पाठलागासाठी माणसं जमवू बघतो, कोणी हलत नाही, आणि तीच गर्दी एक सायकलविक्या आपल्याकडे वळवतो! पुढे पॉल न्यूमन हिरॉइनला सायकलवर बसवून फिरवतो आणि देश सोडताना ती फेकून देतो. घोड्यावरच्या चोरांचे दिवस भरले, हे सांगायला वेगळं भाषण लागत नाही.

इतिहासही तसाच. खरा बुच (रॉबर्ट लिरॉय पार्कर) आणि सनडान्स (हॅरी लाँगाबॉ) रेल्वे लुटायचे, पण तोवर तारयंत्र आणि पिंकर्टनचे खाजगी हेर त्यांच्या मागे लागले होते. १९०१ मध्येच, म्हणजे इथे मोटरसायकली सुरू झाल्या त्याच वर्षी, दोघं अर्जेंटिनाला पळाले. १९०८ मध्ये बोलिव्हियातल्या सान विसेंतेच्या चकमकीत ते संपले, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सिनेमा मात्र चित्र गोठवून थांबतो, फक्त गोळ्यांचा आवाज येत राहतो.

आता आपला 'शोले' (१५ ऑगस्ट १९७५). रेल्वेची ती मारामारी आपल्या पनवेलजवळची, तिच्या शूटिंगला सात आठवड्यांहून जास्त लागले. दोस्तीच्या गाण्यात घोडा नाही, बीएसएची मोटरसायकल आहे (ब्रिटिश हो, आमची एनएसयू नव्हे). त्यात साइडकार सुटून वेगळी धावते आणि परत येऊन जोडली जाते. माझ्या मते अख्खा पिक्चर त्या गाण्यात आहे, फक्त शेवटी ती जोडली जात नाही.

दोघा अमेरिकनांना जग मागे टाकून पुढे जातं. जय-वीरूला उलट ठाकूर कामावर ठेवतो, म्हणजे त्यांच्या हुन्नराला गिऱ्हाईक मिळतं आणि वर एक गावही मिळतं! बुच-सनडान्सला पाठलाग करणारे मिळतात, गाव काही मिळत नाही. आपल्याकडे भुरट्या चोरांवर एवढा जीव जडला तो या गावामुळे, असं मला वाटतं.

पण एक गोष्ट खटकते. ठाकूर स्वतः राधाच्या वडिलांकडे जाऊन तिच्या पुनर्विवाहाचं बोलतो, ते कबूलही होतात, आणि मग जय मरतो. विधवेशी लग्न कर्व्यांनी १८९३ मध्ये केलं होतं. बहिष्कार सोसला, पण केलं. ८२ वर्षांनंतर सलीम-जावेदनी ते पडद्यावर पार होकारापर्यंत नेलं आणि तिथेच सोडलं. बसंतीला वीरू मिळतो, राधाच्या वाट्याला बंद होणारी खिडकी. सुरुवातीला धंदा मंद होता तेव्हा जयला जिवंत ठेवायचा विचार झाला होता म्हणे, पण तोही राधासाठी नव्हे, गल्ल्यासाठी.

असो. मुंबईच्या मिनर्व्हाला तो पाच वर्षांहून जास्त चालला, तेही जय मरतो हे पाठ असलेल्या प्रेक्षकांच्या जिवावर.