पंजा, कमळ, घड्याळ, तुतारी : इंदापूरच्या मतपेटीचा इतिहास

१/
पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकावर नीरा आणि भीमा एकमेकींना भेटतात. संगमावर नरसिंहपूर आहे. पेशवाईतले सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांनी जीर्णोद्धार केलेले लक्ष्मी-नृसिंहाचे मंदिर, खाली दगडी घाट आणि दोन्ही नद्यांपलीकडे सोलापूर जिल्हा. हे गाव इंदापूर विधानसभा मतदारसंघात येते, क्रमांक २००. शेजारचा २०१ म्हणजे बारामती.

२/
बारामतीचा निवडणूक-इतिहास एका ओळीत सांगता येतो : १९६७ मध्ये सव्वीस वर्षांचे शरद पवार निवडून आले, आणि १९९१ च्या पोटनिवडणुकीपासून २०२४ पर्यंत अजित पवार. इंदापूरला ही सोय नाही. तेथे पक्ष बदलले, चिन्हे बदलली, बंडखोर निवडून आले. म्हणूनच मतदार नेमके कशाला मत देतो, हा प्रश्न बारामतीपेक्षा इंदापूरला विचारणे अधिक फलदायी ठरते.

३/
आरंभीच्या दशकांत इंदापूर म्हणजे काँग्रेसचे शंकरराव बाजीराव पाटील, तालुक्याचे ‘भाऊ’. सहकाराच्या त्या काळात आमदारकी आणि साखर कारखाना ही एकाच बैलगाडीची दोन चाके होती. सभासदाचा ऊस केव्हा तुटणार, गाळपाला केव्हा जाणार, उचल किती मिळणार, हे जेथे ठरते तेथेच गावोगावचे कार्यकर्तेही घडतात. इंदापूरच्या सहकारी कारखान्याला पुढे ‘कर्मयोगी शंकररावजी पाटील’ हेच नाव मिळाले.

४/
येथे १९८० सालाजवळ थोडे थांबायला हवे. त्या जानेवारीत लोकसभेची निवडणूक झाली, तेव्हा शरद पवार पुलोद सरकारचे मुख्यमंत्री होते. त्यांच्याच बारामती लोकसभा मतदारसंघातून इंदिरा काँग्रेसचे उमेदवार निवडून आले, आणि ते होते इंदापूरचे शंकरराव पाटील. पुढच्याच महिन्यात पुलोद सरकार बरखास्त झाले. इंदापूर आणि बारामती यांच्यातील ताणाचा उगम शोधायचा तर तो अलीकडच्या पक्षफुटीत न शोधता निदान येथपर्यंत मागे यावे लागते. १९८९ मध्ये शंकरराव पुन्हा लोकसभेवर गेले. तोवर पवार काँग्रेसमध्ये परतले होते.

५/
मग १९९५. महाराष्ट्रात २८८ पैकी ४५ आमदार अपक्ष निवडून आले, आणि त्यांतील बरेच काँग्रेसचेच बंडखोर होते. शिवसेनेचे ७३ आणि भाजपचे ६५ मिळूनही बहुमत होत नव्हते. मनोहर जोशींचे सरकार या अपक्षांच्या आधारावर उभे राहिले. इंदापूरने त्या वेळी शंकररावांचे पुतणे हर्षवर्धन पाटील यांना अपक्ष म्हणून पाठवले, आणि ते युती सरकारात राज्यमंत्री झाले.

६/
एखाद्या वेळचे बंड समजण्यासारखे असते. इंदापूरने मात्र त्याच माणसाला १९९९ मध्ये अपक्ष निवडले, २००४ मध्येही अपक्षच निवडले. सरकार युतीचे असो वा आघाडीचे, इंदापूरचा अपक्ष मंत्रिमंडळात असे. राज्यात ‘अपक्ष’ म्हणजे एका हंगामाचे पीक मानले जाते. येथे ते पंधरा वर्षे उभे राहिले.

७/
२००९ मध्ये पाटील काँग्रेसच्या पंजावर लढले. गंमत अशी की या वेळी अपक्ष होते समोरचे उमेदवार, दत्तात्रय भरणे. पाटील यांना ९२,७२९ मते, भरणे यांना ८४,७६९. पुढील पंधरा वर्षांची लढत येथे ठरली. त्यानंतरच्या तिन्ही निवडणुकांत हेच दोघे समोरासमोर आले.

८/
२०१४ : काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडी तुटलेली. दरम्यान जिल्हा परिषदेचे अध्यक्षपद भूषवलेले भरणे आता राष्ट्रवादीच्या घड्याळावर. भरणे १,०८,४००, पाटील ९४,२२७.
२०१९ : पाटील भाजपमध्ये. भरणे १,१४,९६०, पाटील १,११,८५०. फरक अवघा ३,११०.
२०२४ : घड्याळ अजित पवारांकडे, पाटील शरद पवारांच्या तुतारीवर. भरणे १,१७,२३६, पाटील ९७,८२६. अपक्ष प्रवीण माने यांनी सुमारे ३८ हजार मते घेतली.

९/
हर्षवर्धन पाटील यांचे आकडे पुन्हा एका ओळीत वाचा. पंजा ९२ हजार, पंजा ९४ हजार, कमळ १ लाख ११ हजार, तुतारी ९७ हजार. विचारसरणीच्या नकाशावर ही तीन चिन्हे तीन टोकांना आहेत, पण मते जवळपास एका जागी. कमळाने काही भर घातली, इतकेच. अर्थात मतदारसंख्या दर वेळी वाढत असताना मते तेवढीच राहणे म्हणजे वाटा घटत जाणे, हेही विसरता येत नाही. पाटील यांचा गड कोणी एका धडाक्यात पाडला नाही. नवे मतदार त्यात फारसे शिरले नाहीत, असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

१०/
यामागे पक्षांचा एक अलिखित व्यवहारही होता. बारामती लोकसभेत सहा विधानसभा मतदारसंघ : इंदापूर, बारामती, दौंड, पुरंदर, भोर, खडकवासला. आघाडीच्या काळात इंदापूरच्या काँग्रेसने लोकसभेला राष्ट्रवादीचे काम करायचे आणि बदल्यात विधानसभेला साथ मिळावी, अशी अपेक्षा ठेवायची. ती पूर्ण होत नाही, अशी जाहीर तक्रार करत पाटील सप्टेंबर २०१९ मध्ये भाजपमध्ये गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते शरद पवारांकडे आले, तेही विधानसभेच्या तोंडावर इंदापूरची जागा घड्याळाकडे राहणार हे दिसू लागल्यावर.

११/
आता पाण्याकडे. हा विषय टाळून इंदापूरची निवडणूक समजत नाही. ब्रिटिशांनी १८८५ च्या सुमारास पूर्ण केलेला नीरा डावा कालवा बारामतीतून पुढे इंदापुरात येतो. म्हणजे बारामती वाटेवर आणि इंदापूर शेपटाला. ‘टेलला पाणी पोहोचत नाही’ हे वाक्य तालुक्यातल्या निवडणुकीच्या सभांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. उत्तरेकडे उजनीचा अथांग जलाशय पसरलेला. त्यासाठी इंदापूरची गावे बुडाली, पण धरणाचे लाभक्षेत्र मुख्यतः सोलापूरचे. कालवा दुसऱ्या तालुक्यातून येणारा, धरण दुसऱ्या जिल्ह्यासाठीचे आणि मधला पट्टा कोरडा.

१२/
एप्रिल २०१३ मध्ये याच तालुक्यातील निंबोडीच्या सभेत अजित पवारांनी धरणातील पाण्याविषयी ते असभ्य विधान केले, जे देशभर गाजले. त्यांनी माफी मागितली आणि कराडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभर आत्मक्लेश केला. दुष्काळाच्या वर्षातल्या या प्रकारानंतर राष्ट्रवादी इंदापुरात संपली, असे कोणालाही वाटले असते. दीड वर्षाने त्याच पक्षाने ही जागा प्रथमच जिंकली!

१३/
२०२१ चा प्रसंग आणखी बोलका. उजनीतून इंदापूरला ५ टीएमसी पाणी देण्याचा निर्णय झाला. भरणे इंदापूरचे आमदार होते आणि त्याच वेळी सोलापूरचे पालकमंत्रीही. एका काठाला पाणी मिळवून द्यायचे आणि ज्या काठाचे पाणी जाते असे लोकांना वाटते, त्याचेही पालक असायचे. सोलापुरात आंदोलने पेटली आणि मे महिन्यात तो आदेश रद्द झाला. पाणी मिळाले नाही, पण कोण कोणासाठी भांडले हे तालुक्याने पाहिले. २०२४ मध्ये भरणे यांचे मताधिक्य १९,४१० पर्यंत वाढले, त्याचा या प्रसंगाशी किती संबंध होता हे आकड्यांवरून सिद्ध करता येत नाही. मात्र पाण्याच्या प्रश्नावर आमदार हरतोच, हा ठोकताळा इंदापुरात टिकला नाही.

१४/
इथवरच्या हकिकतीवरून ‘इंदापूर माणसाला मत देते, चिन्हाला नाही’ असा निष्कर्ष कोणी काढील. तो अर्धाच खरा. ७ मे २०२४ रोजी लोकसभेचे मतदान झाले. सुनेत्रा पवार विरुद्ध सुप्रिया सुळे. भरणे अजित पवारांसोबत आणि पाटील तेव्हा अजून भाजपमध्ये. म्हणजे पंधरा वर्षे झुंजणारे दोन्ही नेते एकाच उमेदवाराच्या बाजूने उभे होते. दोघांची २०१९ ची मते एकत्र केली तर सव्वादोन लाख होतात. तरीही इंदापुरात आघाडी सुळे यांना मिळाली.

१५/
मतदार नेत्याला मत देतो. ते मत त्याच्या हातात ठेव म्हणून देत नाही, की त्याने ते तिसऱ्या कोणाच्या नावावर वळते करावे. १९८० मध्ये मुख्यमंत्र्यांना जे कळले, तेच २०२४ च्या जून महिन्यात तालुक्यातील दोन्ही गटांना कळले.

१६/
पुन्हा नरसिंहपूरच्या घाटावर येऊ. (देवेंद्र फडणवीस यांचे कुलदैवत हेच, त्यामुळे येथे येणारे राजकारणी केवळ जिल्ह्यातले नसतात.) नीरेपलीकडे माळशिरस, भीमेपलीकडे माढा. दोन्ही तालुके माढा लोकसभेत. २००९ मध्ये कन्येसाठी बारामती सोडून शरद पवार स्वतः लढले, तो हाच मतदारसंघ. जून २०२४ मध्ये तिन्ही काठांवरून तुतारीचे खासदार निवडून गेले : अलीकडे सुप्रिया सुळे, पलीकडे धैर्यशील मोहिते-पाटील. नोव्हेंबरात माळशिरसने उत्तमराव जानकर आणि माढ्याने अभिजित पाटील यांना निवडून दिले, दोघेही तुतारीचेच. नरसिंहपूरच्या काठावर मात्र घड्याळ जिंकले.